दुसरा तांबोसा

“सूनबाई, तू सांग. हा कोण?”

आप्पांनी कल्ल्यात बोटं घालून मासा वर उचलला होता. दुसरा हात त्याच्या तोंडाखाली होता. शेपटीवरून पाणी जेटीच्या पायरीवर टपटपत होतं. शौकतभाईंची होडी नुकतीच धक्क्याला लागली होती आणि आप्पांचा एक पाय अजून होडीतच होता. इतका मोठा मासा त्यांच्या गळाला त्याआधी कधी लागला नव्हता. सात किलोच्या खाली तर नक्कीच नव्हता. लालभडक अंग, पाठीकडे काळपट होत गेलेलं, आणि खवले असे की एकेक वेगळा मोजावा.

मी दोन पायऱ्या खाली उतरले, वाकले, पाहिलं. शौकतभाई होडी बांधता बांधता थांबले. आप्पांबरोबर गरवायला गेलेले मांजरेकर कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते.

“तांबोसा,” मी म्हणाले.

“ऐकलंत?” आप्पा मांजरेकरांकडे वळले. “मी होडीत दुसरं काय सांगत होतो?”

“मी कुठे नाही म्हटलं?” मांजरेकर म्हणाले. “पंख जरा जास्तच काळे वाटले, एवढंच म्हटलं.”

“खडपाबाहेरचा, खडकांपलीकडचा मासा आहे. खोल पाण्यात रंग गडद होतो.”

मांजरेकरांनी कॅमेरा काढला. आप्पा मासा छातीशी धरून उभे राहिले. ओला सदरा, डोक्यावरची टोपी तिरकी झालेली. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. आप्पा त्यात कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, थोडं बाजूला बघतात. फोटो बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी हाक मारली असावी.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि वालावलकरांची सून होऊन मला तीन वर्षं झाली होती.

माझं माहेर गाबितांचं. माझे बाबा दोरीला गरी बांधून खोल पाण्यातला मासा काढायचे. जाळं त्यांनी कधी वापरलं नाही. बाबांच्या होडीत मी चौदा वर्षांची होईपर्यंत जात होते. पुढे कॉलेजात श्रीनिवास भेटला, आणि दोन्ही घरांच्या मनाविरुद्ध आम्ही लग्न केलं. तो बोटीवर इंजिनिअर. सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी. लग्नानंतर दीड महिन्यात तो गेला आणि मी सासू-सासऱ्यांबरोबर कातळबंदरच्या घरात राहिले. आई, म्हणजे सासूबाई, तुटक वागत, पण बोलत तरी. आप्पा सहा महिने माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आप्पा बंदर खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. गरवायला जाणं हाच त्यांचा नाद. रॉड, रीळ, डबाभर गळ, आणि एक जाडजूड वही. गळाला लागलेल्या प्रत्येक माशाचं त्या वहीत पेन्सिलने चित्र काढलेलं होतं. खाली आपलं नाव, शास्त्रातलं नाव, पंखातल्या काट्यांची संख्या. कोल्हापूर-सांगलीकडून रविवारी हौशी लोक रॉड घेऊन यायचे, त्यांना कुठल्याही माशाचं नाव अडलं की ते आप्पांकडे येत. आप्पा वालावलकरांनी सांगितलं ते त्या माशाचं नाव. त्यावर कोणी वाद घालत नसे.

एके दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात दोन मासे.

“तुझे वडील मासे मारतात म्हणे,” ते म्हणाले. सहा महिन्यांतलं पहिलं वाक्य. “यातली सुरमई कुठली, सांग.”

मी पीठ मळत होते. हात न धुताच बघितलं.

“एकही नाही,” मी म्हणाले. “दोन्ही तोवर जातीचे. सुरमईला उभे पट्टे असतात, ह्यांना ठिपके आहेत. त्या लहानीचे ठिपके जवळजवळ आहेत म्हणून पट्टा वाटतो.”

आप्पांनी ते दोन मासे ओट्यावर ठेवले आणि हसले. आई देवघरातून बाहेर येऊन बघायला लागल्या, इतक्या मोठ्याने हसले.

तिथून आमचं जमलं. श्रीनिवास घरी नसला की मला त्या घरात माणूस म्हणून आप्पाच होते. ते पुस्तकं उघडून मला दाखवायचे, मी त्यांना हाताने ओळखायला शिकवायची. कोकर नावाच्या माशाच्या दोन जाती दिसायला सारख्या. पण छातीखाली बोट फिरवलं की एकीला खवले लागतात, दुसरी गुळगुळीत. आप्पांनी डोळे मिटून बोट फिरवलं आणि म्हणाले, “वैजू, पुस्तकात हेच लिहिलंय गं. पण तिथे पोचायला मला दोन पानं वाचावी लागतात.” चारचौघांत ते मला सूनबाई म्हणत. दोघंच असलो की वैजू.

तिसऱ्या वर्षी मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं. आप्पा मासा समोर धरायचे नाहीत, मान वाकडी करून बाजूने बघायचे. वर्तमानपत्राची घडी तशीच राहायची. एकदा त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला आणि बशीत सांडला म्हणून माझ्यावरच ओरडले. मग संध्याकाळी पडवीत मला बोलावलं.

“कोल्हापूरला डॉक्टरांना दाखवून आलोय,” ते म्हणाले. “डोळ्याच्या मागचा पडदा झिजलाय. चष्म्याने होणार नाही, ऑपरेशनने होणार नाही. मधोमध कोणी ओल्या बोटाने पुसल्यासारखं झालंय. कडेकडेचं दिसतं. आत्ता मला तुझ्यामागचा माड दिसतोय, तुळस दिसतेय. तुझा चेहरा तेवढा दिसत नाही.”

मी मागे वळून तुळशीकडे पाहिलं.

“कोणाला सांगायचं नाही. गरवायला जाऊ देणार नाहीत मला.”

मी सांगितलं नाही. उलट आमचा एक रिवाज ठरून गेला. कोणी मासा घेऊन आला की तो आधी मी हातात घ्यायची आणि सहज म्हटल्यासारखं म्हणायची, “आप्पा, ठिपके कसे आहेत बघा याचे.” आप्पा मान वाकडी करायचे, बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “तोवर.” आठ महिने हे चाललं. घरात कोणाला कळलं नाही, गावात कोणाला कळलं नाही. दर रविवारी शौकतभाईंची होडी यायच्या वेळी मी जेटीवर जाऊन उभी राहायची. शेवाळ्यावरून आप्पा पडतील म्हणून, असं आईंना सांगायची.

त्या रविवारच्या आधीच्या रविवारी मी जाऊ शकले नाही. घरात पाहुण्यांची तयारी चालली होती. त्या दिवशी आप्पांनी मांजरेकरांच्या हातातल्या तोवरीला सुरमई म्हटलं. मांजरेकर काही वाईट माणूस नव्हते, पण बोलके होते. दुसऱ्या दिवशी बाजारात, सलूनमध्ये, पोस्टात, सगळीकडे तेच. आप्पांचं आता वय झालं. आप्पांना सुरमई ओळखता येत नाही. आप्पा सहा दिवस घराबाहेर पडले नाहीत. जेवताना म्हणाले, “भाजीत मीठ कमी आहे,” तेवढंच. मीठ बरोबर होतं.

आणि त्याच आठवड्यात माझी नणंद आली. शैलाताई, श्रीनिवासची थोरली बहीण. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते, सातवा महिना लागला होता. डोहाळजेवणाला म्हणून सांगलीहून तिला घेऊन तिचे यजमान सुधीरराव आले होते. गुरुवारी ओटी भरली. ताईंच्या अंगावर हिरवी साडी, केसांत अबोलीचा गजरा. आप्पा लांब खुर्चीत बसून होते.

“काय हवंय तुला, सांग शैलू,” ते म्हणाले.

“तुम्ही पकडलेला मासा,” ताई म्हणाल्या. “बाजारातला नको.”

म्हणून तो रविवार. म्हणून आप्पा सहा दिवसांनी घराबाहेर पडले, मांजरेकर होडीत आहेत हे माहीत असून गेले, आणि खडपाच्या बाहेरून तो मासा घेऊन आले.

घरी येताना आप्पांनी माझा दंड धरला होता. मासा शौकतभाईंनी स्कूटरवरून पुढे पोचवला होता. वाटेत भेटेल त्याला आप्पा थांबून सांगत होते. सात किलो. तांबोसा. गळाला पाऊण तास खेळवला. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, पण दर पन्नास पावलांवर कोणीतरी भेटत होतं.

घराच्या मागे धुण्याच्या पाथरीवर मी मासा साफ केला. पोटातलं सगळं काढून माडाच्या मुळाशी खड्डा केला आणि पुरलं.

“मांजरांना का नाही घातलंस?” आईंनी विचारलं. “मघापासून ओरडतायत.”

“राहू दे,” मी म्हणाले.

अंगाच्या तुकड्या पाडल्या. डोकं तसंच बाजूला ठेवलं.

“आई, डोकं नको करूया.”

“का?”

“एवढ्या मोठ्या माशाचं डोकं बाधतं. ताईंना या दिवसांत नकोच.”

“तांबोश्याचं डोकं बाधतं?” आई आश्चर्याने म्हणाल्या. “हे कधी ऐकलं नाही बाई. मी दोन्ही बाळंतपणांत खाल्लंय.”

शैलाताई दारात येऊन उभ्या होत्या. पोटावर हात ठेवून हसत होत्या. “वहिनी, डोक्यासाठी तर आलेय मी एवढ्या लांब! सांगलीत मला डोकं कोण देतंय?”

बाहेरून आप्पांचा आवाज आला, “डोकं शैलूचं! दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.”

मी कोयता हातात घेऊन पाथरीपाशी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर सुधीररावांना कळलं असतं, आईंना कळलं असतं, संध्याकाळपर्यंत मांजरेकरांना कळलं असतं. आप्पांचा आवाज आठवड्यात पहिल्यांदा असा घरभर घुमत होता. मी डोकं दोन भागांत फोडलं आणि आईंच्या पातेल्यात घातलं.

दुपारी सगळे एका पंगतीला बसले. ओल्या खोबऱ्याचं वाटण, त्रिफळं, कोकम. आप्पांनी शैलाताईंचं ताट जवळ ओढून घेतलं. डोळ्यामागचं, गालाचं मऊ मांस ते बोटांनी काटा चाचपून काढून देत होते. त्यांच्या बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. एक घास त्यांनी तिला भरवला. तिने लहान मुलीसारखा आ केला. मी शेपटीकडची एक छोटी तुकडी घेतली आणि निम्मी टाकली.

चार वाजता आईंच्या पोटात कळ आली. पाचच्या सुमाराला सुधीररावांना उलट्या सुरू झाल्या. शैलाताई पलंगावर पडून होत्या. “ओठ सुन्न झालेत,” त्या म्हणाल्या. “दात सैल झाल्यासारखे वाटतायत.” मी माठातलं पाणी तांब्यात भरून त्यांच्या हाती दिलं.

त्या किंचाळल्या. तांब्या जमिनीवर आदळला.

“उकळतं पाणी का दिलंस? हात भाजला माझा!”

मी खाली सांडलेल्या पाण्यात बोट घातलं. गार होतं. आणि मग माझ्याही बोटाच्या टोकाला चटका बसला, बारीकसा, आगपेटीच्या काडीसारखा.

शौकतभाईंनी जीप मिळवली. दिवस मावळायच्या आत आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात होतो. सलाईन लागली. दुसऱ्या दिवशी आई उठून बसल्या, सुधीरराव पेज प्यायले. आप्पांना थोडं मळमळलं, तेवढंच. त्यांनी स्वतः फारसं खाल्लं नव्हतं. सगळं तिला काढून देण्यातच त्यांचं जेवण झालं होतं. शैलाताईंच्या हातापायांची आग थांबेना. पंख्याचा वारासुद्धा त्यांना भाजत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, “वहिनी, कालपासून बाळ हललं नाही.”

मुलगा होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, माशामुळेच झालं असं खात्रीने सांगता येणार नाही, पण नाही असंही सांगता येणार नाही. मग कागद पुढे ओढून विचारलं, “मासा कुठला होता?”

आप्पा भिंतीला हात लावून उभे होते. मी त्यांच्या शेजारी होते.

“तांबोसा म्हणून मी आणला,” आप्पा म्हणाले. “मी पकडला. मीच ओळखला.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

“तांबोसा नव्हता तो, बहुतेक,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तसाच दिसणारा, पण विषारी, दुसरा एक असतो म्हणतात.”

“असेल,” आप्पा म्हणाले. “चूक माझी.”

खाटेवरून शैलाताईंचा आवाज आला. त्या झोपल्या आहेत असं आम्हाला वाटत होतं.

“तुम्हाला दिसत नाही, आप्पा.”

आप्पांचा हात भिंतीवरून खाली आला.

“आल्या दिवशीच कळलं मला. तुम्ही माझ्याशी बोलत होता आणि माझ्या कानाकडे बघत होता. मला वाटलं, सांगतील आपणहून. दिसत नाही हे माहीत होतं तुम्हाला, आणि तरी तुम्हाला मासा ओळखायचा होता. चार माणसांत मोठं व्हायचं होतं.” त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. “यांना बाहेर न्या कोणीतरी.”

मी आप्पांचा दंड धरून त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं. बाकावर बसवलं. तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून दाबला. गप्प राहा, असा तो हात होता. मी गप्प राहिले.

दवाखान्यातून शैलाताई परस्पर सांगलीला गेल्या. कातळबंदरच्या घरात त्यांची हिरवी साडी, डोहाळजेवणाचा नारळ, सगळं तसंच राहिलं. ते आईंनी नंतर पाठवून दिलं. मांजरेकर भेटायला आले. आप्पाच म्हणाले, “पंखांचं तुमचं बरोबर होतं.” मांजरेकरांनी चहा तसाच ठेवला आणि डोळे पुसत निघून गेले. रॉड आणि रीळ आप्पांनी शौकतभाईंना देऊन टाकलं. कोणी मासा घेऊन आला तर मी फाटकातूनच परत पाठवायची.

सहा महिने मी ते पोटात ठेवलं. मग पावसाळा सरला, भात कापून झालं, आणि एका दुपारी आई शेजारी गेल्या असताना मी पडवीत आप्पांच्या पायाशी जाऊन बसले.

“आप्पा, मला माहीत होतं.”

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली.

“जेटीवरच माहीत होतं. वाकून बघितलं तेव्हाच. बाबांना एकदा लागला होता तसा, मी दहा वर्षांची असताना. मी तांबोसा, तांबोसा म्हणून ओरडले. तर बाबा म्हणाले, ‘ह्यो तांबोसो न्हय, ह्यो दुसरो.’ डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत खाच दाखवली मला. ‘तांबोश्याक ही खाच नसता. ह्येची मुंडी खावची नाय, पोटातला तर मांजराक पण घालू नको.’ आणि समुद्रात टाकून दिला. आप्पा, मी खाच बघितली होती. बघितली आणि तांबोसा म्हटलं.”

“का?” आप्पांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

“मांजरेकर बघत होते.”

आप्पांनी मान हलवली. समोरच्या माडावर कावळा येऊन बसला, उडून गेला.

“वाटलं, घरी गेल्यावर तुम्हाला एकट्याला सांगेन. मग वाटलं, डोकं तेवढं टाकून देईन. मग वाटलं, कोळ्यांच्या समजुती असतात, कशावरून खरं? बाबांना तरी कुठे बाधला होता?” मी मान वर केली. “तुम्ही दवाखान्यात का नाही सांगितलंत, सूनबाई म्हणाली म्हणून?”

“माझं बोट लागलं होतं तिथे,” आप्पा म्हणाले.

“कुठे?”

“खाचेला. होडीतच. मासा उचलून धरला तेव्हा पुन्हा लागलं. वहीत त्याचं चित्र आहे, वीस वर्षांपूर्वी एकदा मिळाला होता. बोट अडलं आणि मला धाकधूक वाटली. म्हणून तुला विचारलं. तू तांबोसा म्हणालीस, तेव्हा मी बोट काढून घेतलं.” ते थांबले. “तुझे डोळे असताना माझं बोट कशाला खरं मानू?”

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या केसांवर हात ठेवला, मग उचलला.

“माझी लाज राखलीस,” ते म्हणाले. “राखायला नको होती गं.”

“मी ताईंना पत्र लिहिते. सगळं लिहिते.”

“नाही.”

“आप्पा...”

“तिचा राग एका जागी आहे. तिथेच राहू दे. तुला या घरात अख्खा जन्म काढायचाय. माझे किती दिवस राहिलेत?” मग कडक आवाजात, चारचौघांतल्या आवाजात, म्हणाले, “मी असेपर्यंत सांगायचं नाही, सूनबाई.”

मी ऐकलं. ऐकणं मला सोपं होतं.

त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते खूप जगले. अकरा वर्षं. दर दिवाळीला ते शैलाताईंना पत्र सांगत आणि मी लिहीत. चिरंजीव सौभाग्यवती शैलूस अनेक आशीर्वाद. आईची गुडघेदुखी, आंब्याचा मोहोर, श्रीनिवास कुठल्या बंदरात आहे. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. सांगलीहून उत्तर कधी आलं नाही. आईंना ताई फोन करत. आप्पांनी फोन घेतला की ठेवून देत. ताईंना पुन्हा मूल झालं नाही. आईंचं आजारपण आलं तेव्हा ताई तालुक्याला लॉजवर उतरल्या, दिवसा आईंपाशी बसल्या. आप्पा तेवढा वेळ शौकतभाईंकडे जाऊन बसायचे. तिला अवघडायला नको म्हणायचे. आई गेल्या, तरी ताई आप्पांशी बोलल्या नाहीत.

आप्पा गेले ते फाल्गुनात, दुपारी झोपेतच. शैलाताई दहाव्या दिवशी आल्या. सगळं उरकल्यावर माणसं पांगली, श्रीनिवास भटजींना पोचवायला गेला. ताई मागच्या अंगणात एकट्या उभ्या होत्या. केस पिकले होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. जेटी, खाच, बाबांचे शब्द, मांजरेकर. डोकं फोडताना मी काय विचार करत होते तेही. आप्पांनी बोट काढून घेतलं तेही. काही गाळलं नाही.

त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपलं तेव्हा विहिरीवरच्या रहाटाकडे बघत राहिल्या.

“दवाखान्यात तू त्यांच्या शेजारीच उभी होतीस,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी बोलले ते सगळं ऐकत होतीस.”

“हो.”

“मग मी अकरा वर्षं कोणावर रागावले होते, वैजयंती?”

घरात कोणीतरी भांडी आवरत होतं, त्यांचा आवाज येत होता. ताईंनी पदराने तोंड पुसलं.

“शेवटी काही दिसत होतं का त्यांना?”

“कडेकडेचं. माड, दार, उजेड. चेहरे नाही दिसायचे.”

“कोणाचेच?”

“कोणाचेच नाही.”

“म्हणजे मी आले असते तरी त्यांनी मला ओळखलं नसतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्याकडे काहीतरी मागत होत्या. हो म्हणणं एका शब्दाचं काम होतं.

“ओळखलं असतं, वन्सं,” मी म्हणाले. “तुम्ही फाटकाबाहेर नुसत्या खोकल्या असतात तरी ओळखलं असतं. बाहेर रिक्षा थांबली की विचारायचे, शैलू आली का बघ.”

त्या खाली बसल्या. तिथेच, मातीत, साडीची पर्वा न करता. त्यांचं रडणं मोठं नव्हतं. श्वास अडकल्यासारखा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. जोरात नाही, नको असलेलं वाढलेलं ताट सारावं तसा.

चारच्या एसटीने त्या गेल्या. श्रीनिवास स्टँडवर सोडायला गेला होता. परत आल्यावर म्हणाला, ताई वाटेत शौकतभाईंच्या घरी थांबली. आप्पा तिथे कुठल्या खुर्चीत बसायचे, ते विचारलं, आणि एसटीची वेळ होईपर्यंत तिथे बसून राहिली.